‘जवाब’ मिळाल्यानंतरची रात्र



झाशीतल्या मराठी घरांतही एक वाक्य आपण हिंदीतच बोलतो : ‘डॉक्टरने जवाब दे दिया’, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. फुप्फुसाचा कॅन्सर पसरल्याचे कळले की हे वाक्य घरात शिरते. भेटायला आलेली माणसे पांगतात आणि रात्र होते. त्या रात्री काय करायचे, हे घरच्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

डॉक्टर म्हणून मीही एकदा एका कुटुंबाला ‘आता घरी न्या’ एवढेच सांगून मोकळा झालो होतो. आठवड्याने चौकशीला गेलो. मे महिना होता. काका खाटेवर पाय सोडून बसले होते. आडवे झाले की जीव गुदमरायचा, म्हणून तीन रात्री त्यांनी बसून काढल्या होत्या. काकूंनी विचारले, ‘हे बरे होणार नाहीत, ते कळलं. पण यांना झोप तरी लागेल ना?’

या प्रश्नाला उत्तर होते आणि मी ते आधी द्यायला हवे होते. आम्ही काकांपुढे स्टूल ठेवले, त्यावर दोन उश्या रचल्या आणि त्यांना पुढे वाकून हात नि डोके टेकायला सांगितले. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेतला. गालाला, नाकाला वारे लागले की दम कोंडल्याची जाणीव कमी होते. जोडीला मॉर्फिनचा अगदी लहान डोस दिला. पहाटे काका उशीवर डोके ठेवून झोपले होते.

मॉर्फिनचे नाव काढले की घरचे दचकतात. व्यसन लागेल, शेवट जवळ येईल, अशी भीती असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत घेतले तर ही भीती बाळगू नये. सततच्या दुखण्यात मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायच्या. कळ उठायची वाट पाहायची नाही. त्यांच्या जोडीला पोट साफ राहायचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. मॉर्फिनखेरीज इतर उपायही आहेत. छातीत पाणी साठले तर काढता येते. हाडातली कळ पुष्कळदा रेडिएशनच्या एकाच बैठकीने उतरते.

त्रास हलका करण्याच्या या कामालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६पासून हे काम करते आहे, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७पासून. पण ही सेवा अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी होते. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर उपचारांचा भडिमारही कमी झाला. तरी त्यांचे मध्यक आयुष्य ११.६ महिने होते, इतरांचे ८.९.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. निदान होईल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : ‘यांचं दुखणं, दम, झोप आणि मनातली भीती, हे कोण बघणार?’ ते आपल्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात विचारा, खासगी दवाखान्यातही विचारा. काकूंनी विचारले तेव्हा तीन रात्री उलटून गेल्या होत्या. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.