ऐकू येते, पण कळत नाही



गिरणीच्या साचेखात्यात जन्म घालवलेला कामगार म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही." घरचे त्याला सोयीपुरता बहिरा ठरवतात. आम्हीही तसेच समजत होतो. कानाची रचना वाचली तेव्हा आमची चूक कळली.

आवाजाने कानाचा पडदा हलतो. हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे ते कंपन आतल्या शंखाला देतात. सुमारे अडीच वेढ्यांच्या या शंखात द्रव असतो आणि सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या हलल्या की मज्जातंतूत संदेश उठतो आणि मेंदूच्या देठातून कानशिलामागच्या मेंदूत पोहोचतो. शंखात कोणता स्वर कोठे उमटतो हे दाखवणाऱ्या बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंच स्वर तोंडाशी उमटतात, खालचे टोकाशी.

सततच्या गोंगाटाने तोंडाजवळच्या पेशी आधी मरतात. म्हणून 'आ' ऐकू येतो, 'स' गळतो. 'सात' आणि 'हात' एकच वाटतात. नुसते ओरडून हे भरून येत नाही, कारण माणसाची मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

आम्ही पगारासाठी भांडलो, बोनससाठी भांडलो. मागण्यांच्या यादीत कान कधी घातला नाही. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी जिथे ओरडून बोलावे लागते, तिथे कान धोक्यात आहे असे समजा. यंत्राचा आवाज कमी करा, कानाला बोळे द्या, दरवर्षी कान तपासा, ही मागणी पहिल्या दिवसापासूनच हवी. आणि घरातल्या त्या म्हाताऱ्याशी समोर बसून, सावकाश बोला.