कापणीचे जुने यंत्र घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी. यंत्रशास्त्र मी सांगावे हे शोभत नाही. पण कापणीत कंबर कोणाची मोडते हे सांगायला शाळा लागत नाही.

आमच्या घरी यंदा वापरलेले कम्बाइन हार्वेस्टर घेण्याचे चालले आहे. कापणे, झोडणे, उफणणे ही तिन्ही कामे ते एका फेरीत करते. अमेरिकेत १८३६ साली याचे पेटंट झाले, तेव्हा घोडे ते ओढीत. आपल्याकडे अजून विळा, कडपे, भारे, खळे! त्यात परतीचा पाऊस आला की कडपे पाण्यात आणि दाण्याला मोड. सगळ्यांचे भात एकदम पिकते, मग मजूर कुठून आणावेत?

आमची जमीन तीन एकर, तीही सोळा खाचरांत. पंजाबातले चाकांचे धूड या बांधांवरून उतरणार कसे? म्हणून रबरी पट्ट्यांवर चालणारे लहान यंत्र पाहिले. ते ओल्या जमिनीत कमी रुतते. एकट्याला परवडणार नाही, तेव्हा शेजारची तीन घरे मिळून घ्यावे असे ठरते आहे.

सासूबाईंनी एकच विचारले, “पेंढा कुठे जाईल?” पुरुषांना हे सुचले नव्हते! बहुतेक यंत्रांतून पेंढा चुरडून निघतो. म्हशींना काय घालायचे, राबावर काय पसरायचे? नुसत्या लोंब्याच झोडून पेंढा अखंड ठेवणारीही यंत्रे असतात. आम्ही तसेच शोधत आहोत.

एक यंत्र पाहायला मीही गेले. रंग ताजा होता. मी खाली वाकून पाहिले तर पट्ट्यांना भेगा, पात्यांचे दात झिजलेले. तासांचा काटा मात्र थोडाच पुढे गेलेला. मी ह्यांना म्हटले, “अहो, पायाखालचे पेडल इतके गुळगुळीत झाले ते थोड्या तासांत?” विकणारा हसला, आम्ही परत आलो. यंत्र पिकात चालवून दाखवील आणि कागदपत्रे पुढे ठेवील त्याच्याशीच बोलायचे.

यंत्र आले म्हणून बाईचे काम सरत नाही, हेही सांगते. यंत्राचे भात ओलसर असते. त्यात शेकडा वीसपर्यंत ओल असू शकते. साठवायला ती चौदाच्या आत हवी, नाहीतर कणगीत बुरशी. म्हणजे वाळवण आपल्याच माथी.

आणि ज्या बाया कापणीला येतात त्यांच्या रोजाचे काय? हा प्रश्न मी घरात मांडला तेव्हा कोणी बोलेना. वाळवणीचे आणि पेंढा रचण्याचे काम रोजाने त्यांनाच द्यायचे, एवढे कबूल करून घेतले आहे. त्याने आठ दिवसांचा रोज भरून निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ सालापासून आहे. चारही घरांचे भात एकाच वेळी न पिकता पुढेमागे तयार व्हावे, म्हणून कोणते वाण कोणी घ्यावे हे विचारायला मंगळवारी तिथे जायचे आहे. गाडीत दोन जागा आहेत. कोणा बाईला यायचे असेल तर सोमवारी सांगावे.