पाटीचा दगड



गुरुजींच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानात मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र पूल नावाच्या, टेबलावर काठीने खेळायच्या खेळातील एका उडीविषयी बोलणार आहे. पांढरा चेंडू वाटेतल्या चेंडूवरून उडवून पलीकडच्या चेंडूवर नेमका आदळायचा, एवढीच ती करामत. पुण्यात नातवाच्या नादाने मी ती एकाहत्तराव्या वर्षी शिकू लागलो.

हे कुळ आपल्याला परके नाही. पुलाचे भावंड जे स्नूकर, त्याचा जन्म १८७५ साली आपल्याच देशातील जबलपुरात, नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याच्या हातून झाला असे मानतात. १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. स्नूकरमध्ये मात्र चेंडूवरून अशी उडी मारणे हा दोष गणला जातो. पुलात ती चालते.

तीन आठवडे मला ती साधली नाही. उडवायचे म्हणजे खालून उचलायचे, ही माझी समजूत. काठीचे टोक चेंडूच्या बुडाशी खुपसून मी तो वर काढू पाही. क्वचित उडेही, पण नातू म्हणे, “आजोबा, हा फाउल.” नियमाने तसे उचलणे निषिद्धच आहे. अखेर त्याने काठीचे मागचे टोक बरेच वर धरायला लावले आणि सांगितले, “वरून खाली मारा. मूठ सैल ठेवा, काठी लगेच मागे येऊ द्या.” घाव चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर, टेबलाच्या दिशेने! बनातीखाली दगडी फरशी असते. तो दगड पाटीचा. आपण ज्यावर श्रीगणेशा गिरवला, त्याच जातीचा. चेंडू त्यावर दाबला जातो आणि दगडच त्याला वर फेकतो.

तेव्हा मला आपल्या गोट्या आठवल्या. मातीत गोटी रुतून बसे. ओट्याच्या फरशीवर तीच टणकन उडे. हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होते! वर्गात सापडलेल्या गोट्या गुरुजी खणात ठेवीत आणि निकालाच्या दिवशी मोजून परत देत. खेळाबद्दल वावगा शब्द त्यांनी कधी काढला नाही.

माझ्याकडून तसे घडले नाही. प्राध्यापक असताना बिलियर्ड्सच्या खोलीत दिवस घालवणाऱ्या एका विद्यार्थ्याला, हजेरी कमी भरली म्हणून, मी परीक्षेस बसू दिले नाही. नियम माझ्या बाजूचा होता. मात्र ‘तिथे तू काय करतोस?’ असे मी त्याला एकदाही विचारले नाही. तो पुन्हा महाविद्यालयात आला नाही. एकच घाव दिवसभर शेकडो वेळा घालावा लागतो, त्यालाही अभ्यास म्हणतात, हे मला माझे मनगट सुजल्यावर कळले.

तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. माझा चेंडू अजून पाचांत दोनदाच पलीकडे पोचतो.