कोंबडीने विष उतरत नाही



भोर तालुक्यातल्या आंबवड्याचं दैवत नागेश्वर. पावसाळ्यात इथली भातखाचरं भरली, की साप कोरडी जागा शोधत बांधावर, पेंढ्यात, कधी थेट घरात येतात. दंश झाला, की वर्षानुवर्षं चालत आलेले उपाय सुरू होतात. कुणी कडुलिंबाचा पाला चघळायला देतो. कडू लागला नाही तर विष चढलं असं समजायचं. विंचवावर चिंचोका उगाळून चिकटवतात. आणि सगळ्यांत अजब उपाय कोंबड्या लावण्याचा. कोंबडीच्या गुदद्वाराजवळची पिसं उपटायची आणि तो भाग जखमेवर दाबून धरायचा. कोंबडी मेली, की दुसरी. जी जगेल तिथे विष संपलं.

हा उपाय आपलाच असं मला वाटायचं. पण 1665 साली लंडनमध्ये प्लेग आला, तेव्हा तिथल्या वैद्यांच्या अधिकृत संस्थेने छापलेल्या सूचनांत हेच होतं. जिवंत कोंबड्याच्या शेपटीची पिसं उपटा, चोच धरून ठेवा आणि तो मरेपर्यंत प्लेगच्या गाठीवर दाबा, म्हणजे विष ओढलं जाईल. चोच धरून ठेवा, हे शब्द लक्षात घ्या. पक्षी विषाने मरत नव्हता, गुदमरून मरत होता. रक्तात पसरलेलं विष जखमेच्या तोंडाशी परत येत नाही, ते कोंबडी ओढणार कुठून?

मग माणसं बरी कशी होतात? धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी खरे, पण तेही प्रत्येक वेळी विष सोडतातच असं नाही. अशा दंशातून माणूस उठून बसतो आणि श्रेय मांत्रिकाला मिळतं. मण्यारीचा दंश तर झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. त्या दोन-तीन तासांत माणूस जातो. मला राग येतो तो या वाया गेलेल्या तासांचा.

विंचवावरचा खरा उपाय तर शेजारीच सापडला. वरंधा घाट उतरलात की महाड. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुलं घामाने भिजायची, हातपाय गार पडायचे, फुप्फुसांत पाणी भरायचं. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशी बसून नोंदी केल्या. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्या छापल्या. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली, आणि गंभीर रुग्णांतलं जवळपास 40 टक्क्यांवरचं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्यावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या घाटाच्या पायथ्याशी सापडलेला हा उपाय जगाने उचलला.

सर्पदंशाचं औषध म्हणजे प्रतिविष. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ते बनवतात. एकच प्रतिविष वरच्या चारही विषारी जातींवर चालतं, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे.

आंबवड्याच्या, वेल्ह्याच्या, सगळ्या मावळातल्या बाया-बापड्यांनो, दंश झाला तर जोडवी, पैंजण, कडं आधी काढा. जखम कापू नका, दोरीने आवळू नका. माणसाला चालवू नका. पाय हलणार नाही असा काठीला बांधा, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने भोरच्या सरकारी दवाखान्यात न्या. नागेश्वराला नारळ जरूर फोडा, पण माणूस घरी परतल्यावर.