कॅबिनेटमध्ये धूळ येते कुठून?

आज आपण डेस्कटॉपच्या डब्याबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. माझी आई अजूनही "सीपीयूवरचं फडकं काढ" असं म्हणते. घोळ नको म्हणून मी आज डब्याला कॅबिनेट म्हणेन आणि आतल्या चिपला प्रोसेसर.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "दादा, फॅन किती लावू?" माझं उलट विचारणं असतं, की तुझ्या कॅबिनेटमध्ये हवा शिरते कुठून? कारण फॅन स्वतः काही गार करत नाही. तो आतली गरम हवा बाहेर टाकतो, नाहीतर बाहेरची आत ढकलतो. आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून ना कुठून आत येतेच. आपण वाट दिली नाही तर ती स्वतः शोधते.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आठवा. फोडणी घालताना तो लावला आणि खिडक्या बंद असल्या, की दाराच्या फटीतून शिट्टी वाजायला लागते. कॅबिनेटचंही तसंच असतं. बाहेर फेकणारे दोन फॅन आणि आत घेणारा एक, अशी मांडणी असेल तर कमी पडलेली हवा मागच्या रिकाम्या स्लॉटमधून, यूएसबीच्या भोकांतून, पत्र्याच्या सांध्यांतून खेचली जाते. तिथे जाळी नसते. म्हणून पुढे चकचकीत फिल्टर लावूनही सहा महिन्यांत आत धुळीचा गालिचा दिसतो, आणि आपण फिल्टरला शिव्या घालतो.

उपाय सोपा आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, आणि ती सगळी जाळीतूनच आली पाहिजे. मग फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. यालाच पॉझिटिव्ह प्रेशर म्हणतात. साध्या कॅबिनेटला पुढे १२० मिलिमीटरचे दोन फॅन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेक वेळा पुरतं. फॅनची दिशा ओळखायची खूण म्हणजे ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे प्लास्टिकचे आडवे दांडे असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पॉवर सप्लाय खाली असेल आणि त्याचा पंखा जमिनीकडे तोंड करून असेल, तर तो स्वतःची हवा खालून घेऊन मागे सोडतो, त्याला हिशेबात धरू नका. जुन्या कॅबिनेटमध्ये तो वरच्या कोपऱ्यात असतो आणि आतली हवा ओढतो. तिथे तो बाहेर टाकणारा फॅन म्हणूनच मोजायचा.

आता यातली गोम. फॅनच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो समोर काहीही अडथळा नसतानाचा. फिल्टरमागे बसवला की तो घटतो, आणि फिल्टर धुळीने भरत गेला की आणखी घटतो. बाहेर टाकणाऱ्या फॅनला असली आडकाठी नसते. म्हणजे पहिल्या दिवशी बरोबर असलेली मांडणी दोन-तीन महिन्यांत गुपचूप उलटी होते. फॅन तेच असतात, आवाज तोच असतो, आणि धूळ मात्र फटींतून यायला लागलेली असते.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. अगरबत्ती पुरते. कॅबिनेटची सगळी झाकणं लावा, कॉम्प्युटरवर एखादं जड काम सुरू करा, खोलीतला पंखा बंद करा. राखेखाली ताटली धरून पेटलेली अगरबत्ती मागच्या स्लॉटजवळ आणि बाजूच्या सांध्याजवळ न्या. धूर बाहेर लोटला गेला तर ठीक. आत खेचला गेला तर फिल्टर धुवायची वेळ झाली आहे, किंवा फॅनचा हिशेब चुकलाय. मिनिटभरात आटपा, धुराचा चिकट थर आत बसायला नको.

हे सगळं हौसेचं वाटत असेल तर ओळखीच्या एका काकांचं ऐका. तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत त्यांचं मशीन व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मध्येच बंद पडायला लागलं. चार लग्नांचे ॲडव्हान्स घेतलेले, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, नवीन सेट घ्या." तीस हजारांच्या वरचा खर्च होता. मी त्यांना फोनवर तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर मिनिटभरात प्रोसेसर ९९ अंशांवर! एवढं तापलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही आटोक्यात आलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद पडतं. मदरबोर्ड गेला की नाही हे नंतर बघू, आधी एवढा ताप का, ते शोधायला हवं होतं.

मी म्हटलं, "काका, बाजूचं झाकण काढा आणि तेच काम परत लावा." तापमान ११ अंशांनी उतरलं. ही चाचणी लक्षात ठेवा. झाकण काढल्यावर ताप चांगलाच उतरला तर कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. काहीच फरक पडला नाही तर दोष कूलरमध्ये किंवा थर्मल पेस्टमध्ये असण्याची शक्यता जास्त. पण झाकण कायमचं उघडं ठेवू नका. धूळ चहूकडून येते, आणि एका मित्राच्या मशीनमध्ये पालीने मुक्काम केला होता.

रविवारी जाऊन बघितलं तर कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात होतं. कप्प्याला पुढे दार, मागे फक्त वायरीपुरतं भोक. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून परत आत जात होती. आत बाहेर टाकणारे दोन फॅन, आत घेणारा एकही नाही. प्रोसेसरवरचा कूलर वरून स्वच्छ दिसत होता, पण त्याचा फॅन सोडवल्यावर खालच्या पट्ट्यांवर गोधडीसारखा थर निघाला. बरेच जण इथेच फसतात. वरून ब्लोअर मारतात आणि फॅन काढतच नाहीत.

आम्ही मशीन बंद केलं, प्लग काढला, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि डबा गॅलरीत नेला. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची. भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारा फॅन उलट वीजही तयार करतो. पट्ट्यांमधला थर रंगकामाच्या कोरड्या ब्रशने काढला. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला टेकवू नका, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्टॅटिक साठतं. ओलं फडकं तर नकोच. एक फॅन मागून काढून पुढे आत घेणारा म्हणून बसवला, त्याच्यापुढे मच्छरदाणीची जाळी लावली, आणि कप्प्याचं दार बिजागरीसकट काढलं. काकूंना ते दार काढलेलं आवडलं नाही, अजूनही नाही. तेच एक्स्पोर्ट परत लावलं तेव्हा आकडा ७६ वर थांबला. पेस्टला हातही लावला नव्हता. लग्नं चारही वेळेत गेली.

मच्छरदाणीच्या जाळीवरून काही जण नाक मुरडतील. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची बारीक धूळ ती अडवत नाही, हे खरं. विकतची नायलॉनची जाळीही ती फारशी अडवत नाही. जाळीचं काम केस, कापसाचे तंतू, कपड्यांची लव थांबवण्याचं. हे तंतू पट्ट्यांत अडकून जाळं करतात आणि मग बारीक धूळ त्यावर बसते. तंतू थांबले तर अर्धी लढाई जिंकली. जाड रुमाल किंवा स्पंज मात्र लावू नका, हवाच बंद होईल. जाळी नळाखाली धुवा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा.

उन्हाळ्याचंही सांगतो. विदर्भातून मे महिन्यात मेसेज येतात, "दादा, ८७ झालं, जळेल का?" हवेने गार होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जाणार नाही. खोली ३० अंश असताना तो ७५ वर असेल, तर खोली ४२ झाल्यावर त्याच कामाला साधारण ८७ दिसणारच. म्हणून नुसता आकडा बघू नका, फरक बघा. इथे दोन्ही वेळा फरक ४५ आहे. मशीन साफ असताना एका ठरावीक कामाचा हा फरक मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. तो ५३-५५ वर गेला की ब्लोअर काढा.

आणि फॅनचा वेग वाढवून प्रश्न सुटत नाही. वेग २० टक्के वाढवला तर हवाही साधारण २० टक्केच वाढते, पण वीज सुमारे ७३ टक्के जास्त लागते, आणि आवाज वेगळाच. हळू फिरणारे दोन मोठे फॅन ओरडणाऱ्या एकापेक्षा मला कधीही बरे वाटतात.

रत्नागिरीकडच्या एका श्रोत्याने विचारलंय की दमट हवेत काय करायचं. तुमच्याकडे धूळ ओल धरून बसते, आणि ओली खारट धूळ बोर्डाला गंज आणू शकते. म्हणून तुमची मोठी साफसफाई दिवाळीत नको, मे अखेरीला, पाऊस सुरू व्हायच्या आत करा. आणि पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलं तरी आतली ओल निघून जाते. चला, भेटू पुढच्या भागात.