मेजावरचा खेळ आणि दूरचित्रवाणी

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद संपादन केले, तेव्हा दिल्लीतही दूरचित्रवाणीचा आरंभ व्हावयाचा होता. आणि ती असती, तरी एकाने तासन्‌तास गुण वाढवीत राहावे व प्रतिस्पर्ध्याने खुर्चीत निमूट बसावे, हे दृश्य आपल्या परभणीकर प्रेक्षकाने कितपत सोसले असते, याची शंकाच आहे.

यावर इलाज केला तो बीबीसीने. रंगीत प्रक्षेपणाची मातबरी दाखविण्यास रंगीबेरंगी चेंडूंचा स्नूकर सोयीचा, हे हेरून १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि सामना एकाच फ्रेमचा, म्हणजे एकाच डावाचा, ठेवण्याची तजवीज झाल्याने विलंबास वाव उरला नाही.

याच कुळातील ‘पूल’ या खेळाची प्रकृती तर पडद्यास अधिकच अनुकूल. नऊ चेंडूंच्या प्रकारात मेजावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूस प्रथम स्पर्श करावयाचा आणि नववा नियमानुसार पॉकेटमध्ये घालणारा जिंकतो, एवढे कळले की पुरे. प्रत्येक फटक्यास सेकंदांची मुदत हवी, माथ्यावरून घेतलेले चित्र हवे. पण त्याहून निकडीचा, पांढरा चेंडू पुढे कोठे थांबवावयाचा आहे हे आधीच सांगणारा समालोचक, कारण नेम सर्वांना दिसतो, खेळाडूच्या मनातील योजना दिसत नाही.

कडक नियम पडद्यास कसे मानवतात, हे कबड्डीत दिसले. मातीवरची कबड्डी २०१४ पासून प्रो कबड्डीच्या रूपाने घरोघर पोहोचली, तीही तीस सेकंदांची चढाई आणि दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुणाची सक्ती, अशा कडक अंमलाखाली. पूलला तसा अंमल मिळेल. जाणता मराठी समालोचक मात्र मुद्दाम घडवावा लागेल.