आजपासून दहा मिनिटं

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना व्यायामाची मोठी आवड होती. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात त्यांचा दिनक्रम नोंदवला आहे: पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्यावरून रपेट. ही सवय लहानपणापासून मुरलेली होती.

आपण मात्र पहिल्याच दिवशी पन्नास सूर्यनमस्कार घालतो आणि तिसऱ्या दिवशी अंग धरून बसतो. तसं करू नका. सुरुवात दोन-तीन नमस्कारांनी किंवा दहा मिनिटांच्या चालण्यानं करा. वेळ ठरलेली ठेवा. सकाळचा चहा संपला, कप विसळून ठेवला, की लगेच चपला पायात! मिनिटं हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. भरभर चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम गती.

एखादा दिवस चुकला तर खंतावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शरीर सावकाश घडतं. त्याला वेळ द्या.